दोन पानं काळीभोर, तिसरं फिकट: भरलेल्या कार्ट्रिजमधली शाईची ओढ कशी जुळवायची

पहिली दोन पानं काळीभोर येतात. तिसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षरं राखाडी व्हायला लागतात आणि चौथ्यावर नुसत्या तुटक रेघा उरतात. क्लिनिंग मारलं, म्हणजे प्रिंटरला स्वतःचं डोकं साफ करायला लावलं, की अर्धं पान बरं निघतं, मग पुन्हा तेच. कंटाळून प्रिंटर बंद करावा, चहा घेऊन यावं, तर परत पहिली दोन पानं काळीभोर! रिफिल केलेल्या कार्ट्रिजची ही तक्रार माझ्या दुकानात महिन्यातून चार-पाच वेळा तरी येते. आणि माणूस बहुतेक वेळा निदान घरूनच करून आलेला असतो: "दादा, नोझल चोक झालंय, जरा गरम पाण्यात बुडवून द्या."

नोझल, म्हणजे शाई बाहेर फेकणारं बारीक भोक, चोक झालेलं नसतं. चोकअपची खूण वेगळी असते. तिथे पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून ठरावीक जागी पांढरी रेघ पडते आणि दहाव्या पानावरही ती तिथेच असते. विश्रांती दिली म्हणून ती भरून येत नाही, उलट जास्त वाळते. जी कार्ट्रिज सुरुवातीला छान छापते, छापता छापता फिकी पडते आणि थांबलं की सावरते, तिच्या डोक्यापर्यंत शाई वेळेवर पोचत नाहीये. ती उपाशी आहे. हा एवढा फरक ओळखला तर अर्धं काम झालं, कारण उपाशी कार्ट्रिज गरम पाण्यात बुडवून काहीही साधत नाही. चांगली शाई मात्र पातळ होते.

दुसरी तक्रार याच्या बरोब्बर उलटी. रात्री भरून ठेवलेली कार्ट्रिज सकाळी शाईच्या थारोळ्यात बसलेली असते, किंवा छापताना पानाच्या कडेला टपोरे डाग पडतात. लोकांना हे दोन वेगळे आजार वाटतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे कधी कधी सेलोटेपचा एकच तुकडा दोन्ही आजार आलटून पालटून देतो. तो कसा, ते पुढे येईलच.

कार्ट्रिज म्हणजे शाईची बाटली नव्हे. बाटली उपडी केली तर रिकामी होते. कार्ट्रिजचं तोंड कायम खाली असतं, तळाला शेकडो उघडी भोकं असतात, तरी शाई गळत नाही, याचं कारण आतली ओढ. कार्ट्रिजमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो, पाण्याच्या काही सेंटीमीटर उंचीइतकाच. तेवढ्या ओढीने शाई आत धरून राहते. नोझलचं भोक केसापेक्षा बारीक असतं. त्याच्या तोंडाशी शाईचा पृष्ठताण एक पातळ पडदा ताणून धरतो. आतली ओढ आणि हा पडदा यांची जुळणी नीट असेल तर शाई तोंडाशी तयार उभी राहते, पण बाहेर पडत नाही. ओढ कमी पडली तर थेंब गळतात. ओढ जास्त झाली तर नोझलच्या कप्प्यात शाई परत भरायला उशीर होतो, आणि फारच वाढली तर पडदा फुटून नोझलमधून हवाच आत शिरते.

ज्यांनी शाळेत शाईपेन वापरलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको. पेनमधली शाई संपत आली की खिशाच्या उबेने आतली हवा फुगायची आणि शर्टावर निळा डाग पडायचा. शाई बाहेर गेली की तिच्या जागी हवा आत यायला वाट हवी, हे शाईपेनाचं सगळं मर्म. लुइस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतलं ते याच वाटेसाठी. बरोबर शंभर वर्षांनी, 1984 मध्ये, एचपी कंपनीचा थिंकजेट प्रिंटर आला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये बारा नोझल होती आणि शाई रबरी पिशवीत भरलेली होती. या कार्ट्रिजना तिथले इंजिनियर 'पेन'च म्हणत आले, आणि मला ते नाव अगदी योग्य वाटतं. 1988 च्या डेस्कजेटमध्ये पन्नास नोझल आली आणि पिशवीच्या जागी स्पंज आला. आज आपण घरोघरच्या लहान प्रिंटरच्या ज्या कार्ट्रिज भरतो त्यांपैकी बहुतेकांमध्ये हाच स्पंज असतो.

ओढ निर्माण करायचं काम हा स्पंज करतो. टीपकागद शाई धरतो तसा तो आपल्या बारीक छिद्रांत शाई धरून ठेवतो. तळाशी, नोझलच्या वर शाई गाळणाऱ्या जाळीजवळ, तो जास्त दाबून बसवलेला असतो, म्हणजे तिथली छिद्रं आणखी बारीक आणि ओढ आणखी जास्त. त्यामुळे वरची शाई आपोआप खाली सरकत राहते. मात्र एका अटीवर: वरून हवा आली पाहिजे.

आता तो सेलोटेप.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा आठवडा होता. दुकानात रांग, आणि मी आदल्या रात्री स्वतः भरलेली काळी कार्ट्रिज तिसऱ्या पानाला माना टाकत होती. तीन वेळा क्लिनिंग मारलं, उपयोग शून्य. शेवटी कार्ट्रिज काढून दिव्याखाली धरली. भरण्यासाठी लेबल काढलं होतं आणि सांडू नये म्हणून वर चांगला रुंद सेलोटेप दाबून बसवला होता. त्याखाली भोकाच्या तोंडाशी शाईचा एक टपोरा थेंब अडकलेला दिसत होता. नखाने टेपची एक कड उचलली, आणि तो थेंब डोळ्यांदेखत सुर्रकन आत ओढला गेला. मागोमाग दोन बुडबुडे फुटले. कार्ट्रिज परत बसवली आणि सलग अकरा पानं काढली. अकरावं पान पहिल्याइतकंच काळं होतं. त्या दिवसापासून मी आधी वरची बाजू बघतो, मग खालची.

लेबल हे फक्त नाव छापायला लावलेलं नसतं. ते काढलं की झाकणावर भोकं आणि नागमोडी खाचा दिसतात. लेबल वर चिकटलं की त्या खाचांचे बारीक बोगदे होतात आणि बऱ्याच कार्ट्रिजमध्ये खाचेचं शेवटचं टोक लेबलच्या कडेबाहेर उघडं राहतं. हवा त्या लांबलचक बोगद्यातून आत येते, पण वाट इतकी अरुंद की शाईतलं पाणी उडून जायला फार वेळ लागतो. आपण लेबल फाडून वर टेप मारतो तेव्हा हवेची वाट बंद होते. मग छापताना जितकी शाई बाहेर जाते तितकी पोकळी आत तयार होते आणि ओढ वाढत जाते. दोन पानांनंतर ती इतकी वाढते की नोझलना शाई ओढून घेता येत नाही. चहाच्या वेळेत टेपच्या कडेतून थोडी हवा झिरपते, वरची शाई खाली उतरते, आणि पुन्हा दोन पानं निघतात. हे कळलं की त्या विचित्र लक्षणाचा उलगडा होतो.

आणि गळतीचं काय? हाच टेप लावलेली, अर्धी रिकामी कार्ट्रिज मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. पंचवीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेल्यावर आत कोंडलेली हवा साधारण पाच टक्के फुगते. वर जायला वाट नाही, म्हणून ती शाईला खाली ढकलते. घाट चढतानाही हेच होतं. मुंबईत भरलेली कार्ट्रिज महाबळेश्वरला नेली तर साडेतेराशे मीटर उंचीवर बाहेरचा दाब जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी झालेला असतो. वाट मोकळी असती तर जादा हवा गुपचूप वरून निघून गेली असती. टेप असेल तर ती तुमच्या सामानाच्या पिशवीत शाई ओतूनच मोकळी होते.

म्हणून लेबल काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली की लेबल न फाटता निघतं. भरून झालं की तेच लेबल त्याच जागी, खाचेचं टोक पहिल्यासारखं बाहेर राहील असं चिकटवा. लेबल गेलंच असेल तर टेप लावा, पण हवेच्या भोकावर सुईच्या टोकाने एक छिद्र पाडा. सगळं उघडं ठेवणं हा उपाय नाही. आठवड्याभरात स्पंज वरून वाळायला लागतो. खाचेत जुनी शाई वाळून बसली असेल तर ओल्या इअरबडने हळूच पुसा. ठासून भरलेल्या कार्ट्रिजमध्ये शाई या खाचांत चढते आणि वाळून बूच बसवते. मग लेबल जागेवर असूनही हवा बंद. हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पुष्कळदा नजरेतून सुटतं.

वाट मोकळी आहे आणि तरी फिकट येतंय, तर संशय स्पंजावर. पूर्ण वाळेपर्यंत वापरलेला स्पंज शाई लगेच पीत नाही. सिरिंजचा दट्ट्या एकदम दाबला तर शाई स्पंजाच्या कडेने वाहते आणि मध्ये हवेचा गोळा अडकून राहतो. वजन भरतं, पण वाट तुटलेली राहते. सुई सरळ खाली, तळाच्या जवळ न्या, जाळीला टोचू देऊ नका, आणि शाई सोडत सोडत सुई वर घ्या. एका मिलीला अर्धा मिनिट तरी द्या. भरून झाल्यावर तासभर तशीच ठेवा. घाई असेल तर या कामाला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हवा जाळीच्या खाली, नोझलच्या अगदी वर अडकली असेल तर वरून कितीही शाई घाला, ती हटत नाही. जाळी ओली झाली की तिच्या बारीक छिद्रांतून बुडबुडा वर जाऊ शकत नाही. तिथे खालूनच ओढावं लागतं. रिफिल किटमध्ये रबरी कप असलेली क्लिप मिळते. तिच्यात कार्ट्रिज बसवून सिरिंजने हलकेच ओढा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड शाई. अखंड शाई आली की तिथेच थांबा. जोर लावून दोन-तीन मिली ओढलीत तर स्पंजातून नवी हवा खाली येते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी.

शाईही बघा. घरगुती प्रिंटरच्या पुष्कळ जोड्यांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळलेल्या बारीक रंगकणांची) असते आणि रंगीत शाया डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या). काही शाया तर मुद्दाम अशा बनवतात की काळी आणि रंगीत कागदावर भेटल्या की काळी तिथल्या तिथे थिजावी, म्हणजे कडा पसरत नाहीत. तेच थिजणं कार्ट्रिजच्या आत झालं तर जाळीवर साय धरल्यासारखा थर बसतो आणि मग कुठलीच युक्ती चालत नाही. काळ्याची सिरिंज वेगळी ठेवा. नुसती धुऊन रंगीतला वापरू नका.

गळणाऱ्या कार्ट्रिजचं कारण दहातल्या आठ वेळा एकच असतं: जास्त भरलेली. स्पंज पूर्ण तुडुंब झाला की त्याची ओढ संपते, कारण ओढ असते ती अर्धवट भरलेल्या छिद्रांची. वर शाईचं तळं साचलं तर त्या उंचीचा भार उलट खाली दाबतो. नोझलच्या पट्टीवर एकदा शाईचा ओला थर पसरला की भोकांच्या तोंडाचे पडदे धरायला कडाच राहत नाही आणि गळती चालूच राहते. अशा वेळी भरायच्या भोकातून सिरिंजने अर्धा-एक मिली परत काढून घ्या, पट्टी ओल्या, लव न सुटणाऱ्या कपड्याने एकदाच दाबून टिपा, घासू नका, आणि पंधरा मिनिटं बघा. रंगीत कार्ट्रिजमध्ये जास्त भरण्याचा त्रास आणखी वाईट, कारण शाई भिंतीवरून शेजारच्या कप्प्यात जाते आणि पिवळ्याचं हिरवं होतं. ते मग दुरुस्त होत नाही म्हटलं तरी चालेल.

किती भरायची याचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. मी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा वापरतो. नवी कार्ट्रिज आली की तिचं वजन, आणि पहिल्यांदा संपली की तेव्हाचं वजन, दोन्ही पेनाने तिच्या कुशीवर लिहून ठेवतो. शाईची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिली. फरक जितका, त्याच्या पाच भागांतले चार भागच भरायचे. पूर्ण भरायचा मोह टाळला तेव्हापासून माझ्याकडे गळतीच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. एक मिली कमी भरली म्हणून काही बिघडत नाही. जुन्या काळ्या कार्ट्रिजचा एक थेंब साधारण 30 पिकोलिटरचा धरला तर एका मिलीत तीन कोटी थेंब असतात.

निदानासाठी सगळ्यात सोपी चाचणी टिश्यू पेपरची. किंचित ओलसर टिश्यूची घडी करून कार्ट्रिजचं डोकं तीन सेकंद टेकवा. काळ्याची एक सरळ, सलग रेघ उमटली पाहिजे. रंगीतच्या तीन वेगळ्या पट्ट्या. रेघ मध्येच तुटलेली असेल तर चोकअप. सलग उमटून चार-पाच वेळा टेकवल्यावर अंगाने बारीक होत गेली तर कार्ट्रिज उपाशी, वर हवेची वाट तपासा. टिश्यू उचलल्यावरही पट्टीवर थेंब फुगत राहिला तर ओढ कमी, म्हणजे जास्त भरलंय किंवा कुठेतरी तडा आहे.

एक कळकळीची विनंती. उपाशी कार्ट्रिजवर क्लिनिंगमागून क्लिनिंग मारू नका. या प्रकारच्या डोक्यात प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत शाईचा पातळ थर तीनशे अंशांच्या आसपास तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. त्या तापकाला थंड ठेवायला आजूबाजूची शाईच असते. कप्पा कोरडा असताना तो पेटवला तर जळतो, आणि जळलेला तापक कुणालाही दुरुस्त करता येत नाही. चांगल्या कार्ट्रिज चोकअपने मरतात त्याहून जास्त अशा कोरड्या मारण्याने मरतात.

इथवरचं सगळं स्पंजवाल्या कार्ट्रिजचं. मसाल्याच्या, चिवड्याच्या पाकिटांवर बॅच नंबर आणि एमआरपी मारायला हातात धरायची छोटी यंत्रं आता गावोगाव पोचली आहेत. त्यांतल्या बऱ्याच कार्ट्रिजचा आकार एचपीच्या 42 मिलीच्या 45 क्रमांकावरून आलेला. 300 नोझल, इंचाला 600, म्हणून छपाईची उंची अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. त्या 45 च्या पोटात स्पंज नसतो, स्प्रिंग लावलेली पिशवी असते. स्प्रिंग पिशवीला बाहेर ताणते आणि तीच ओढ. इथे नियम उलटा: पिशवीत हवा जाता कामा नये. भरताना अडकलेला बुडबुडा उन्हात फुगतो आणि पाकिटावर डाग पडतात. भरून झाल्यावर एक-दोन मिली परत ओढून घेतली की स्प्रिंग पुन्हा ताणाखाली येते. सुई टोचण्याआधी आपल्या हातातली कार्ट्रिज कुठल्या जातीची आहे ते विचारून घ्या.

बाहेरून टाकी जोडलेली असेल तर टाकीची उंची हाच नळ समजा. शाईची पातळी नोझलच्या किंचित खाली हवी. टाकी प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली की पूर, जमिनीवर ठेवली की दुष्काळ. प्रत्येक रंगाला दोन भोकं असतात. मोठं भरायचं, त्याला बूच हवं. लहान हवेचं, त्याचं बूच छापताना काढलेलं हवं. ते लहान बूच विसरलं की पुन्हा तेच: दोन पानं काळी, तिसरं फिकट.

भरलेली कार्ट्रिज मी गिऱ्हाइकाला लगेच देत नाही. रात्रभर एका उथळ डबीत, डोकं खाली पण कशाला न टेकता, आडवी काडी घालून ठेवतो. खाली पांढरा कागद. सकाळी कागद कोरा असेल तर ती प्रिंटरमध्ये घालून पूर्ण काळी पट्टी असलेली पाच पानं न थांबता काढतो. पहिलं आणि पाचवं पान खिडकीशी शेजारी शेजारी धरतो. दोघांचा काळेपणा सारखा दिसला तर कार्ट्रिज द्यायची. पाचवं जरा जरी उजळ दिसलं, तर आधी लेबलची कड बघायची.